घरचं नेट कुणी मुद्दाम पाडत असेल तर: सुरुवातीपासून काय काय करायचं

रात्री नऊच्या सुमारास नेट मरतं आणि अर्ध्या तासाने आपोआप येतं. राउटरवरचे दिवे हिरवेच असतात. नेटवाल्याला फोन केला की "इकडून सगळं ओके दाखवतंय, राउटर बंद-चालू करून बघा" हे ठरलेलं उत्तर मिळतं. घरात कुणी ऑनलाइन गेम खेळत असेल, स्ट्रीमिंग करत असेल किंवा जुन्या पीसीवर मित्रांसाठी सर्व्हर चालवत असेल, तर कुणीतरी मुद्दाम तुमची लाइन पाडत असण्याची शक्यता धरायला हवी. आमच्याकडे हे भाच्याच्या माइनक्राफ्ट सर्व्हरवरून सुरू झालं. शिवीगाळ करणाऱ्या एका पोराला त्याने सर्व्हरवरून काढलं आणि लगेच घराची लाइन रोज झोपायला लागली. ते निस्तरताना जे कळलं ते इथे क्रमाने देतोय.

या हल्ल्याला डॉस (डिनायल ऑफ सर्व्हिस) म्हणतात. तो एकाच वेळी हजारो ठिकाणांहून आला की डीडॉस. यात तुमच्या घरात कुणी शिरत नाही, पासवर्ड चोरत नाही, फाइल उघडत नाही. तुमच्या आयपी पत्त्यावर, म्हणजे नेटवर तुमची लाइन ज्या क्रमांकाने ओळखली जाते त्यावर, निरुपयोगी डेटाचा इतका मारा केला जातो की कामाच्या डेटाला वाट उरत नाही. वरातीने गल्ली अडवली की दाराला कितीही भक्कम कडी असली तरी घराबाहेर पडता येत नाही, तसंच हे. तुमचा प्लॅन १०० एमबीपीएसचा असेल आणि समोरून १ जीबीपीएस येत असेल, तर नको असलेला डेटा राउटरने फेकून दिला तरी काही साधत नाही, कारण डेटा राउटरपर्यंत पोचायच्या आधीच लाइन भरलेली असते. म्हणून राउटर बदलायला धावू नका. घरच्या माणसाच्या हातात मुख्यतः दोन गोष्टी असतात: आपला पत्ता नको त्याच्या हाती पडू न देणं, आणि पडलाच तर नेट कंपनीकडून योग्य ते काम करून घेणं. पुढचं सगळं या दोन गोष्टींभोवतीच आहे.

हाताशी काय ठेवायचं

- राउटरचं लॉगिन. बहुतेक वेळा डब्याच्या खाली स्टिकरवर असतं. नेटवाल्याने बदललं असेल तर त्याच्याकडून आधीच मागून घ्या.
- तुमचा ग्राहक क्रमांक, प्लॅनचा वेग आणि स्थिर (कधी न बदलणारा) आयपी घेतला आहे का याची माहिती. ती बिलावर सापडते.
- एक लॅन केबल आणि ती लागेल असा लॅपटॉप किंवा पीसी. ही सगळी तपासणी वायफायवर केली तर अर्धी फुकट जाते.
- दुसऱ्या कंपनीचा मोबाइल डेटा. घरचं नेट आणि मोबाइल एकाच कंपनीचे असतील तर शेजाऱ्याचा फोन चालेल.
- तारीख-वेळ लिहायला वही. फोनमधली नोटही चालते, पण ती रोज लिहा.

१. आधी हा हल्लाच आहे का ते बघा

"नेटवर हल्ला झालाय" असं वाटणाऱ्या बऱ्याच जणांचं दुखणं भलतंच निघतं. त्यामुळे या पायरीला वेळ द्या.

ओएनटीवर, म्हणजे फायबर ज्या डब्यात येते त्यावर, एलओएस नावाचा दिवा लाल असेल तर फायबरमधून सिग्नल येत नाही, बहुधा ती तुटली आहे. रस्त्यावर जेसीबी लागलेला असेल. हल्ला वगैरे काही नाही, नेटवाल्याला फोन करा.

नेट बंद न पडता रोज रात्री नुसतं हळू होत असेल आणि पहाटे झकास चालत असेल, तर नेटवाल्याने एका लाइनवर जास्त गिऱ्हाइकं भरली आहेत. तक्रार करायला हवीच, पण ती वेगळी.

फक्त वायफाय तुटतं आणि केबलवर नेट नीट चालतं असं असेल, तर दोष वायफायचा आहे. शेजारपाजारचा कुणी उपद्व्यापी वायफाय तोडणारे संकेत पाठवत असेल तरीही असंच दिसतं. त्याचा इलाज पाचव्या पायरीत आहे.

आता खरी चाचणी. लॅपटॉप केबलने राउटरला जोडा आणि विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरच्या पत्त्याला पिंग लावा, म्हणजे समोरचं यंत्र उत्तर देतंय का ते विचारणारी कमांड द्या (पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१), दुसरीत ८.८.८.८ ला, म्हणजे गूगलच्या सर्व्हरला. दोन्हीकडे शेवटी एक जागा सोडून डॅश आणि टी लिहा, म्हणजे पिंग सतत चालू राहील. नेट मेल्यावर बघा. राउटरकडून एक-दोन मिलिसेकंदांत उत्तर येतंय आणि ८.८.८.८ कडून "रिक्वेस्ट टाइम्ड आउट"ची रांग लागली आहे, तर अडचण राउटरच्या पलीकडे आहे. केबल असूनही राउटरच उत्तर देत नसेल, तर राउटर स्वतः दमला आहे. तो हल्ल्याने दमला असेल किंवा निव्वळ जुना झाला असेल.

मग वायफाय बंद करा, बाकी सगळ्या केबली काढा आणि त्या एका लॅपटॉपवरही काही चालू ठेवू नका. राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या नेटकडच्या बाजूचा, आकडा असतो: किती पॅकेट (डेटाचे तुकडे) आली, किती गेली. घरात कुणीही काही वापरत नसताना आलेल्या पॅकेटचा आकडा डोळ्यांदेखत हजारांनी वाढत असेल, तर बाहेरून मारा चालू आहे. त्या पानाचा फोटो घड्याळासकट काढून ठेवा. आकडा वाढत नसेल तरी हल्ला नाहीच असं म्हणता येत नाही. मारा मोठा असला तर तो नेटवाल्याच्या यंत्रावरच अडतो, तुमच्यापर्यंत पोचतही नाही. तेव्हा त्यांचा ग्राफ बघायला लागतो.

जाणाऱ्या पॅकेटचा आकडा पळत असेल तर गोष्ट उलटी आहे. तुमच्या घरातलं एखादं यंत्र दुसऱ्या कुणावर हल्ला करत असू शकतं. थेट सहाव्या पायरीवर जा.

२. तुमचा पत्ता कोणत्या प्रकारचा आहे

राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन आयपी लिहून घ्या. मग त्याच नेटवरून "माझा आयपी काय" असं सर्च करून जो दिसतो तो लिहा. दोन्ही सारखे असतील तर तुमच्याकडे स्वतंत्र सार्वजनिक पत्ता आहे आणि मारा थेट तुमच्यावर येऊ शकतो.

राउटरमधला पत्ता १०० ने सुरू होऊन दुसरा आकडा ६४ ते १२७ मध्ये असेल, किंवा पत्ता १० ने सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. म्हणजे कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटला आहे. आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीचे पत्ते संपत आल्यामुळे भारतात हे सर्रास चालतं. गेमर मंडळी याला शिव्या घालतात, पण या बाबतीत तो एक आडोसाच आहे. बाहेरच्याला तुमच्या घराचं दार वेगळं दिसत नाही. अर्थात त्या सामायिक पत्त्यावर मारा झाला तर तुमच्यासोबत शेजारीही लटकतात.

इथे दोन ठिकाणी गफलत होते. नेटवाल्याचा ओएनटी स्वतःच राउटरचं काम करत असेल आणि त्यामागे तुम्ही स्वतःचा राउटर लावला असेल, तर तुमच्या राउटरमध्ये वॅन म्हणून १९२.१६८ चा पत्ता दिसेल. तो सीजीनॅट नाही, ओएनटीच्या आत जाऊन बघा. दुसरं म्हणजे आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांची नवी पद्धत. हे चालू असेल तर घरातल्या प्रत्येक फोन-टीव्हीला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतो आणि सीजीनॅटचा आडोसा तिथे मिळत नाही.

३. हल्ला चालू असताना

फोनचा हॉटस्पॉट लावा आणि ऑफिसचं किंवा परीक्षेचं काम त्यावर हलवा. चालू हल्ल्यात राउटरच्या सेटिंगशी झटापट करण्यात अर्थ नाही.

पत्ता दर वेळी बदलणारा असेल, तर राउटर पंधरा-वीस मिनिटं बंद ठेवून चालू करा. पीपीपीओई (युजरनेम-पासवर्ड टाकून होणारी) जोडणी असेल तर वॅनच्या पानावर डिस्कनेक्ट-कनेक्टचं बटण असतं, त्यानेही नवा पत्ता मिळू शकतो. नंतर पत्ता खरंच बदलला का ते तपासा. काही कंपन्या तोच पत्ता परत देतात. मग फोन करून "सेशन क्लिअर करून नवा आयपी द्या" असं सांगा. स्थिर आयपी असेल तर तो बदलून मागण्याला पर्याय नाही.

पत्ता बदलून लाइन लगेच सुरू झाली, तर हल्ला तुमच्या पत्त्यावरच होता याचा तो चांगला पुरावा आहे. वहीत जुना पत्ता, नवा पत्ता आणि वेळ लिहा.

आता घाई करू नका. नवा पत्ता मिळाल्याबरोबर पोरगं त्याच गेममध्ये, त्याच लॉबीत जाऊन बसतं आणि दहा मिनिटांत पुन्हा सगळं आडवं होतं. पत्ता कुठून फुटला ते सापडेपर्यंत त्या सगळ्या जागा बंद ठेवा.

४. पत्ता फुटला कुठून?

आधी पालकांसाठी. आयपी पत्त्यावरून कुणाला तुमचं घर सापडत नाही. साधारण शहर आणि नेट कंपनी कळते. "मला तुझा पत्ता माहितीये" अशा धमकीने पोरं गळपटतात, त्यांना हे समजावून सांगा.

तुम्ही उघडता ती प्रत्येक वेबसाइट तुमचा आयपी बघतेच, त्यात विशेष काही नाही. तो खुनशी माणसाच्या हाती कसा लागतो, ते शोधायचं.

खेळाडूंना थेट एकमेकांशी जोडणारे गेम. जीटीए ऑनलाइनसारख्या काही गेममध्ये खेळाडूंची यंत्रं परस्पर बोलतात, त्यामुळे समोरच्याला तुमचा आयपी दिसू शकतो. कंपनीच्या सर्व्हरवर चालणाऱ्या गेममध्ये ही पंचाईत नसते.

कॉल. व्हॉट्सॲपचे दोघांमधले कॉल थेट जोडले जातात. सेटिंग्ज, प्रायव्हसी, ॲडव्हान्स्ड या वाटेने गेलात की "प्रोटेक्ट आयपी ॲड्रेस इन कॉल्स" सापडेल. ते चालू केलं की कॉल व्हॉट्सॲपच्या सर्व्हरवरून जातात. आवाजाचा दर्जा थोडा उतरू शकतो. ग्रुप कॉल तसेही सर्व्हरवरूनच जातात. टेलिग्राममध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत कॉल्सखाली पीअर-टू-पीअर हा पर्याय आहे, तो "नेव्हर" करा. डिस्कॉर्डचे आवाजी चॅनेल डिस्कॉर्डच्या सर्व्हरमार्फत चालतात, तिथून पत्ता फुटत नाही. डिस्कॉर्डवर धोका असतो तो चॅटमध्ये येणाऱ्या लिंकचा. "हा क्लिप बघ" म्हणून आलेल्या लिंकमागे आयपी टिपणारं पान असतं. एका क्लिकमध्ये काम होतं.

घरचा सर्व्हर. भाच्याने माइनक्राफ्टमध्ये येण्यासाठी घरचाच आयपी सगळ्यांना वाटलेला होता. ज्याला काढून टाकलं त्याच्याकडेही तो होताच. आमच्या प्रकरणात गूढ एवढंच होतं.

डायनॅमिक डीएनएस, म्हणजे बदलत्या आयपीला एक कायमचं नाव देणारी सोय. ही सगळ्यांत चकवणारी जागा. सीसीटीव्ही बाहेरून बघण्यासाठी किंवा सर्व्हरसाठी कधीकाळी तुम्ही एखादं फुकट नाव घेतलेलं असतं. ते राउटरमध्ये टाकलेलं असतं आणि विसरलेलं असतं. आयपी बदलला की राउटर स्वतःहून नवा आयपी त्या नावाला चिकटवतो. तुम्ही पत्ते बदलत बसता आणि हल्लेखोराला दर वेळी ताजा पत्ता घरपोच मिळतो. राउटरच्या डीडीएनएस (डायनॅमिक डीएनएस) पानावर आणि डीव्हीआरच्या, म्हणजे सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग करणाऱ्या डब्याच्या, नेटवर्क सेटिंगमध्ये, दोन्हीकडे बघून ते बंद करा.

व्हीपीएन (तुमचा डेटा दुसऱ्या सर्व्हरमार्फत नेणारी सेवा) घेऊन हे सुटतं का? बऱ्यापैकी. समोरच्याला व्हीपीएनचा पत्ता दिसतो, तुमचा नाही. पण पत्ता आधीच फुटला असेल तर व्हीपीएन लावून उपयोग नाही. आधी पत्ता बदला, मग व्हीपीएन. भारतात एक गोम आहे. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायचा आदेश काढला, तेव्हा एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले सर्व्हर हलवले. त्यामुळे यादीत "भारत" दिसलं तरी सर्व्हर प्रत्यक्षात सिंगापूरला किंवा आणखी दूर असू शकतो. गेमरच्या पिंगमध्ये, म्हणजे उत्तर यायला लागणाऱ्या वेळेत, त्याची भर पडते. फुकटचा व्हीपीएन तर घेऊच नका. त्यातले काही तुमचीच लाइन दुसऱ्यांना भाड्याने देतात.

५. राउटरचं घर आवरा

सेटिंगला हात लावण्याआधी वॅनच्या पानाचा फोटो काढा. त्यात पीपीपीओईचं युजरनेम आणि व्हीलॅन क्रमांक असतो. भरात येऊन मागची पिन टोचून फॅक्टरी रीसेट केला की हे दोन्ही पुसले जातात आणि लाइनमन येईपर्यंत घर बिननेटचं. शनिवारी संध्याकाळी तर हे मुळीच करू नका.

मग एकेक करून:

- ॲडमिनचा पासवर्ड बदला. हा वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो.
- रिमोट मॅनेजमेंट, म्हणजे बाहेरून राउटरचं पान उघडायची सोय, बंद करा. टीआर-०६९ नावाची नेट कंपनीची वेगळी सोय असते, ती त्यांना न विचारता बंद करू नका.
- पोर्ट म्हणजे राउटरमधून आत यायची दारं. पोर्ट फॉरवर्डिंगच्या यादीत ओळखू न येणारं जे असेल ते काढा.
- यूपीएनपी बंद करा. घरातली यंत्रं याच्या जोरावर परस्पर दारं उघडतात. प्लेस्टेशन-एक्सबॉक्स "एनएटी स्ट्रिक्ट" म्हणून कुरकुर करेल. त्याला लागतात तेवढीच पोर्ट हाताने उघडून द्या.
- वॅनकडून येणाऱ्या पिंगला उत्तर देणं बंद करा. याने हल्ला थांबत नाही, पण रिकामटेकड्यांना तुम्ही जिवंत आहात हे सहज कळत नाही.
- आयपीव्ही६ चालू असेल तर आयपीव्ही६ फायरवॉलही चालू आहे का बघा. स्वस्त राउटरमध्ये हे वेगळ्या पानावर असतं आणि नजरेतून सुटतं.
- डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटण किंवा पिनने वायफाय जोडायची सोय) बंद करा. वायफाय सुरक्षेच्या पर्यायांत डब्ल्यूपीए३ असेल तर ते निवडा. त्यात वायफाय तोडणाऱ्या खोट्या संकेतांपासून संरक्षण सक्तीचं असतं. डब्ल्यूपीए२ च असेल तर याच संरक्षणाचा पीएमएफ नावाचा पर्याय शोधा.
- फर्मवेअर, म्हणजे राउटरचं आतलं सॉफ्टवेअर, अद्ययावत करा. ते करताना लाइट जाणार नाही अशी वेळ निवडा, नाहीतर इन्व्हर्टरवर करा.

"डॉस प्रोटेक्शन" नावाची खूण बऱ्याच राउटरमध्ये असते. लावून ठेवायला हरकत नाही. लहानसहान माऱ्यात राउटर गुदमरायचा वाचतो, पण लाइन भरली असेल तर तिचा उपयोग शून्य. काही स्वस्त राउटरमध्ये तिच्यामुळे वेगही घटतो, तेव्हा लावल्यावर स्पीड टेस्ट करा. दुकानात "डीडॉस प्रूफ" म्हणून राउटर विकणाऱ्याला मात्र हसून नमस्कार करा आणि बाहेर पडा.

हे झाल्यावर शील्ड्सअप नावाच्या जुन्या, फुकट साइटवरून आपली कोणती दारं बाहेरून उघडी दिसतात ते तपासा. सीजीनॅटमागे असाल तर ती चाचणी तुमचं घर न तपासता कंपनीचं यंत्र तपासते. तेव्हा निकाल चांगला आला म्हणून हुरळून जाऊ नका.

६. आपलंच घर हल्लेखोरांच्या कामाला लागलंय का?

हे बघणं टाळू नका, कारण डीडॉसचं सैन्य आपल्यासारख्यांच्या घरांतूनच भरती होतं. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले. त्यासाठी कसलीही थोर युक्ती वापरली नव्हती. ॲडमिन-ॲडमिन छापाच्या साठेक ठरलेल्या जोड्यांची यादी होती, ती प्रत्येक यंत्रावर लावून बघायची, बस. २१ ऑक्टोबर २०१६ ला याच सैन्याने डिन या डीएनएस कंपनीवर (साइटच्या नावावरून तिचा आयपी शोधून देणाऱ्या) मारा केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट अमेरिकेत कित्येक तास अडखळल्या. मिराई लिहिणारे कॉलेजच्या वयाचे तरुण होते आणि माइनक्राफ्ट सर्व्हरच्या धंद्यातल्या चढाओढीतून हे सुरू झालं होतं. भाच्याचं प्रकरण घरात कुणी "पोरखेळ" म्हणालं की मी हे सांगतो.

आजही घरात आधी संशय घ्यावा तो डीव्हीआरचा. बसवणारा माणूस पासवर्ड सोपा ठेवतो, मोबाइलवर दिसावं म्हणून पोर्ट उघडून जातो, आणि दुकानाचे-सोसायटीचे सगळे डीव्हीआर एकाच पासवर्डचे असतात. पासवर्ड बदला, पोर्ट बंद करा, आणि बाहेरून बघायचं असेल तर कंपनीचं ॲप किंवा टेलस्केलसारखी, आपल्याच यंत्रांना खासगी वाटेने जोडणारी, सोय वापरा. टेलस्केल सीजीनॅटमागेही चालतं.

दुसरा संशय स्वस्त अँड्रॉइड टीव्ही बॉक्सचा. "सगळे चॅनेल फुकट" म्हणून मिळणाऱ्या बिननावाच्या डब्यांत कारखान्यातूनच व्हायरस भरलेला सापडला आहे. बॅडबॉक्स २.० या अशाच प्रकाराबद्दल अमेरिकेच्या एफबीआयने जून २०२५ मध्ये जाहीर इशारा दिला होता. असा डबा साफ करत बसू नका, काढून टाका.

गुन्हेगार यंत्र शोधायची रीत साधी आहे: जाणाऱ्या पॅकेटच्या आकड्यावर नजर ठेवून एकेक यंत्र बंद करत जायचं. ज्याच्या जाण्याने आकडा थंडावतो, ते. मिराईसारखे व्हायरस यंत्र बंद-चालू केल्यावर जातात, पण पासवर्ड तोच राहिला तर थोड्याच वेळात परत येतात. म्हणून यंत्र नेटपासून तोडा, बंद-चालू करा, पासवर्ड बदला आणि मगच पुन्हा जोडा. पीसी आणि मोबाइलसाठी सायबर स्वच्छता केंद्र या सरकारी साइटवर सफाईची साधनं फुकट मिळतात.

७. सर्व्हर चालवायचाच असेल तर

घरच्या आयपीवर चालवू नका. मुंबईत डेटा सेंटर असलेल्या कंपन्यांचा लहान व्हीपीएस, म्हणजे भाड्याचा सर्व्हर, महिन्याला काही शे रुपयांपासून मिळतो. घेताना डीडॉस संरक्षण आहे का ते विचारा, कारण काही स्वस्त कंपन्या हल्ला आला की तुमचाच सर्व्हर बंद करून टाकतात. वेबसाइट असेल तर ती घरी ठेवूनही क्लाउडफ्लेअर टनेलमागे नेता येते, म्हणजे लोक क्लाउडफ्लेअर कंपनीच्या सर्व्हरमार्फत येतात. त्यात राउटरचं एकही पोर्ट उघडायला लागत नाही. या सगळ्या बदलानंतर घरचा आयपी एकदा बदलून घ्या. जुना पत्ता ज्यांच्याकडे जायचा त्यांच्याकडे गेलेला आहे.

८. नेट कंपनीशी काय बोलायचं

"नेट स्लो आहे" असं म्हणालात तर राउटर बंद-चालू करायलाच सांगतील. असं सांगा: "माझ्या आयपीवर बाहेरून ट्रॅफिकचा फ्लड येतोय. अमुक तारखेला इतक्या वाजल्यापासून इतक्या वाजेपर्यंत. घरातली सगळी यंत्रं काढलेली असताना वॅनवर पॅकेट येत होती. हे तिकीट एनओसीकडे पाठवा." एनओसी म्हणजे त्यांचं नेटवर्क सांभाळणारं पथक. फोनवरच्या माणसाच्या स्क्रीनवर तुमच्या लाइनचा ग्राफ दिसत नसतो, त्यांना दिसतो.

मागण्या तीन: आयपी बदलून द्या, जुना आयपी काही दिवस ब्लॅकहोल करा, आणि मारा चालूच राहिला तर तुम्हाला नेट पुरवणाऱ्या वरच्या कंपनीकडून नको असलेला डेटा अडवणारी गाळणी लावून घ्या. ब्लॅकहोल करणं म्हणजे त्या पत्त्याकडे येणारा सगळा डेटा वाटेतच टाकून देणं. तुमच्याकडे नवा पत्ता नसताना त्यांनी हे केलं तर तुमचं नेट पूर्ण बंद राहील, म्हणून क्रम महत्त्वाचा.

गल्लीतला लहान नेटवाला असेल तर त्याच्याशी भांडू नका. मारा मोठा असला की त्याची स्वतःची लाइन भरते, अख्खी पेठ बंद पडते आणि त्याचाच फोन दिवसभर वाजतो. जुलै २०१६ मध्ये मुंबईतल्या इंटरनेट कंपन्यांवरच असा हल्ला झाला होता आणि पोलिसांनी गुन्हा नोंदवला होता. त्याला फोटो आणि वेळा द्या. तुमचं काम झालं तर त्यात त्याचाही फायदा आहे. आमच्या नेटवाल्याने पहिले काही दिवस ऐकून न ऐकल्यासारखं केलं. वॅनच्या आकड्याचे फोटो व्हॉट्सॲपवर गेल्यावर मात्र त्याने त्याच रात्री आयपी बदलून दिला.

तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. तक्रार निकालात निघाली नाही, तर ट्रायच्या नियमांप्रमाणे प्रत्येक कंपनीकडे अपिलाची दुसरी पायरी असते. तिथे हा क्रमांक लागतोच.

९. पोलीस तक्रार

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ च्या इंग्रजी प्रतीतल्या एफ पोटकलमात हक्काच्या माणसाला त्याचा संगणक किंवा नेटवर्क वापरू न देणं येतं. ते अप्रामाणिकपणे किंवा लबाडीने केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ठाण्यात "नेट बंद पडतंय" ही तक्रार कुणी घेणार नाही, म्हणून अर्जात ही कलमं लिहा.

सोबत न्यायचं:

- ओळखपत्र आणि नेटचं बिल, म्हणजे जोडणी तुमच्या नावावर आहे हे दिसेल.
- वहीतल्या नोंदी: तारीख, सुरू-बंद झाल्याची वेळ, त्या वेळचा आयपी.
- वॅनचे फोटो, राउटरचा सिस्टिम लॉग, पिंगच्या खिडक्यांचे स्क्रीनशॉट.
- नेट कंपनीचा तक्रार क्रमांक आणि त्यांचं लेखी उत्तर.
- धमकीचे मेसेज. नुसतं नाव दिसणारा स्क्रीनशॉट पुरत नाही, कारण डिस्कॉर्डवर दिसायचं नाव कधीही बदलता येतं. प्रोफाइलमधला युजर आयडीचा लांबलचक क्रमांकही घ्या.

मूळ मेसेज ज्या फोनवर आहेत तो विकू नका, फॉरमॅट करू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं आणि ते मूळ यंत्राबद्दल असतं.

तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या राष्ट्रीय पोर्टलवर करता येते किंवा जवळच्या सायबर पोलीस ठाण्यात. १९३० हा क्रमांक पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. "इतके पाठव, मग थांबवतो" असं म्हणून कुणी पैसे उकळले असतील तर तिथे ताबडतोब फोन करा. मागणी नुसती आली असेल तर पैसे देऊ नका, उत्तरही देऊ नका, मेसेज जपून ठेवा. "तुमच्या नेटवर हल्ला झालाय, एनीडेस्क टाका, आम्ही बघतो" असा (दुरून तुमचं यंत्र चालवू देणारं ॲप टाकायला सांगणारा) फोन कुठल्याही सरकारी नावाने आला तरी ठेवून द्या. तो वेगळाच चोर असतो.

घरातलं पोर चिडून उलट हल्ला करायला निघालं असेल तर त्याला इथेच अडवा. भाड्याने हल्ले करून देणाऱ्या साइटना बूटर किंवा स्ट्रेसर म्हणतात आणि त्या "फक्त स्वतःची लाइन तपासण्यासाठी" असल्याचं सोंग करतात. एप्रिल २०१८ मध्ये युरोपच्या पोलिसांनी वेबस्ट्रेसर ही साइट बंद पाडली, तेव्हा तिचे १,३६,००० नोंदणीकृत ग्राहक निघाले. ग्राहकांची यादी पोलिसांच्या हाती लागली आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या दारात पोलीस गेले. भारतात बसून असा हल्ला विकत घेतला तर कलम ६६ त्यालाही तितकंच लागू होतं.

तक्रार नोंदल्यावर पोर्टल एक पोचक्रमांक देतं. तो नेट कंपनीलाही ईमेलने कळवा. त्यांच्याकडचे लॉग कायम राहत नाहीत, आणि पोलिसांचं पत्र पोचेपर्यंत ते जपून ठेवा असं त्या ईमेलमध्ये स्पष्ट लिहा.